चाळीस रुपयांचं पाणी

मागच्या महिन्यात पोलादपूरच्या एस.टी. स्टँडबाहेर एक गंमत बघितली. गंमत तरी कशी म्हणावी! भाजी विकून घरी निघालेल्या एक मावशी सहा आसनी रिक्षात बसल्या. भाडं म्हणून त्यांनी दहाचं नाणं पुढे केलं, तर रिक्षावाला घेईना. दहाची नाणी चालत नाहीत, नोट द्या, एवढंच त्याचं म्हणणं. मावशींनी नाणं उलटं करून त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. नाण्यावर बाबासाहेब होते. रिक्षावाला गप्प बसला आणि नाणं खिशात घातलं.

खरं तर दहाचं कुठलंच नाणं बंद झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर करून सांगितलं होतं, की दहाची तोपर्यंत निघालेली चौदाच्या चौदा प्रकारची नाणी चालतात. तरी आपल्याकडे अजून कुणी ना कुणी नाक मुरडतंच. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते नाणंच फिरत राहिलं. आपण नाणी हातात घेतो, मोजतो, ओटीत घालतो, गल्ल्यात टाकतो. त्यावर कोण आहे आणि का आहे, हे कुठे बघतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं पहिलं नाणं निघालं १९९० साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. साधं एक रुपयाचं, रोजच्या वापरातलं. त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं, जाऊन चौतीस वर्षं झाल्यावर. पुढे १२५ व्या जयंतीच्या वर्षात, ६ डिसेंबर २०१५ ला, आणखी दोन नाणी आली. एक हे दहाचं, दोन धातूंचं. दुसरं चक्क १२५ रुपयांचं, चांदी मिसळलेलं. ते बाजारात चालवायला नसतं. टांकसाळीकडे आधी मागणी नोंदवून, पैसे भरून घ्यावं लागतं आणि जपून ठेवावं लागतं.

नाण्यांवर मोठमोठ्या माणसांचे चेहरे येतात, त्यात नवल नाही. पण रुपया म्हणजे काय, तो कसा घडला, त्याची किंमत का घसरते आणि घसरली की कुणाच्या पोटाला चिमटा बसतो, यावर आख्खं पुस्तक लिहिलेला माणूस रुपयावर यावा, हे मात्र विशेष. आणि ज्या गावाने या माणसाला लढा दिला, ते महाड आपल्या पोलादपूरहून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. एकाच सावित्रीच्या काठची आपली गावं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, मध्य भारतातल्या महू गावचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. भीमराव हे चौदावं अपत्य. घराण्याचं मूळ गाव मात्र कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. म्हणजे सावित्रीच्या खाडीच्या पलीकडचे, आपले शेजारीच म्हणायचे. वडील निवृत्त झाले तसं कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. तिथे आई भीमाबाई गेल्या. पोर पाच-सहा वर्षांचं. पाठीला बाक असलेल्या मीराआत्याने या मुलांना वाढवलं.

साताऱ्याच्या शाळेत भीमा बसायचा तो घरून नेलेल्या तरटाच्या तुकड्यावर. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच.

१९०१ सालची एक हकिगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. वडील तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. सुट्टीत मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिल्यांदाच आगगाडी, केवढा आनंद! मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. पोरांची जात कळल्यावर एकही गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण अट अशी, की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर डबा होता, पण पाणी नव्हतं. रात्री नाक्यावर पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. डबा तसाच राहिला, मुलं उपाशी झोपली. बाप जिथे लोकांसाठी तलाव खोदायच्या कामावर, तिथेच निघालेली ही पोरं पाण्यावाचून. आई असलेल्या कुणालाही ही हकिगत वाचवत नाही.

पुढचं शिक्षण मुंबईला झालं. १९०७ ला मॅट्रिक. त्याच सुमाराला लग्न झालं ते दापोलीजवळच्या वणंद गावच्या रमाबाईंशी, भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. रमाबाईंचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लहानपणीच गेले. लग्नात त्या नऊ-दहा वर्षांच्या.

बी. ए. झाल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंडांची. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. तिथून १९१६ मध्ये लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्धवट सोडून परत. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं.

इकडे रमाबाई परळच्या चाळीत. नवरा परदेशात, पोरं पदरात, हातात मोजका पैसा. शेण गोळा करून शेणी थापल्या, त्या विकून चूल पेटती ठेवली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पाच मुलांपैकी चार डोळ्यांदेखत गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि सगळ्यात लाडका राजरत्न. हाती राहिला एकटा यशवंत. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्या पदव्यांचा खर्च कुणी कसा भरला, तो हिशेब मात्र या बाईच्या नावावर मांडायला हवा.

तर त्या लंडनच्या मुक्कामात बाबासाहेबांनी जो प्रबंध लिहिला, तो रुपयावर. परीक्षकांना त्यातली मतं झोंबली, म्हणून काही भाग बदलून द्यावा लागला. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी ते पुस्तक तिथेच छापून आलं. रुपयाचा प्रश्न, असा त्याच्या नावाचा अर्थ.

अर्थशास्त्र म्हटलं की आपण पान उलटतो. पण यातली गोष्ट आपल्या दागिन्यांच्या डब्याशी येऊन भिडते, म्हणून थोडं थांबा.

इंग्रजांनी १८३५ मध्ये कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. चांदीचा, एक तोळ्याचा. त्या काळी कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि थोडी घडणावळ देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. म्हणजे बाईच्या पायातले तोडे आणि सावकाराच्या पेटीतले रुपये, माल एकच. अडीनडीला चांदी मोडली तरी तिच्या वजनाइतके रुपये येणार, हा भरवसा. पण १८७० नंतर जगात चांदी उदंड झाली आणि तिचा भाव घसरत गेला. सरकारला इंग्लंडात सोन्यात देणी फेडायची होती, ती महाग पडायला लागली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीचं दार लोकांना बंद केलं. रुपया सरकारच पाडणार आणि त्याची किंमतही सरकारच राखणार. पुढे पंधरा रुपयांना एक सोन्याचा पौंड असा दर बसवला. रुपया असा वर अडकवून ठेवला, चांदी मात्र खालीच राहिली. गरिबाघरच्या बाईने साठवलेल्या चांदीचे आता पूर्वीइतके रुपये येईनात. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने काही चुकीचंही केलं नव्हतं.

बाबासाहेबांनी या सगळ्या कारभाराची चिरफाड केली. रुपये किती पाडायचे हे सरकारच्या लहरीवर सोडलं, तर पैसा वाढत जातो आणि वस्तू महागतात, हे त्यांनी आकडे देऊन मांडलं. महागाईत व्यापाऱ्याला माल चढ्या भावाने विकता येतो, मजुराची मजुरी मात्र मागून रखडत वाढते, म्हणून रुपया घसरला की पहिला मार कष्टकऱ्याला. रुपये पाडण्याच्या सरकारच्या अधिकाराला पक्की मर्यादा हवी, असं त्यांचं सांगणं. १९२५ मध्ये चलनाची चौकशी करायला जे शाही कमिशन आलं, त्याच्यापुढे त्यांनी साक्षही दिली. त्या कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. बँक त्यांच्या पुस्तकावरूनच काढली, असं काही जण सरसकट सांगतात. मला ते जरा ताणलेलं वाटतं. मध्यवर्ती बँकेची चर्चा आधीपासून होती आणि कमिशनपुढे बोलणारेही पुष्कळ होते. पण त्या वेळी देशात रुपयाचं गणित इतकं खोलात जाऊन जाणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातले एक हे होते, यात शंका नाही.

आणि अशा माणसाला, चार वर्षांनी, महाडात प्यायला पाणी मिळेना.

महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कुणाची छाती होईना. दासगावच्या बाजूचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी पुढाकार घेतला, परिषद भरवायची ठरली आणि बाबासाहेबांना बोलावलं. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही बरोबर उभी राहिली.

परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला झाली. गावोगावहून हजारो माणसं पायी आली. मार्चचा उन्हाळा आपल्याकडे कसा असतो, हे मी काय सांगायचं! एवढ्या माणसांना पाणी लागणार. तळं शेजारी भरलेलं, पण त्यातलं घेता येत नव्हतं. तेव्हा संयोजकांनी स्पृश्यांकडून पाणी विकत घेतलं. किती रुपयांचं? चाळीस रुपयांचं. चाळीस रुपये ही १९२७ साली मजूर माणसाच्या कित्येक दिवसांच्या कमाईची रक्कम.

या प्रसंगाचं वर्णन वाचताना मी दर वेळी या आकड्यापाशी अडखळते. तळ्यावर गाईगुरं पाणी पीत होती, वाटसरू पीत होते, परधर्माची माणसं पीत होती. कुणाला पैसे पडत नव्हते. रुपयाचा प्रश्न लंडनात जाऊन सोडवणाऱ्याच्या सभेत पाण्याचे मात्र रुपये मोजावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी समारोपाला अनंतराव चित्र्यांनी मांडलं, की नगरपालिकेने ठराव केलाच आहे, तर आताच जाऊन पाणी पिऊ. सगळा जमाव चार-चारच्या रांगा धरून शिस्तीत निघाला. बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी घेतलं. मग बाकीच्यांनी घेतलं.

पुढचं सांगायला बरं वाटत नाही, पण सांगायला हवं. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई गावात उठली. देवळात जायचा कुणाचा बेतही नव्हता. काठ्या घेऊन टोळकी मंडपात घुसली. लोक परतीच्या तयारीत होते, कुणी जेवत होते. अन्न मातीत सांडलं, माणसांची डोकी फुटली. कितीकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. चिडलेले आपले लोक उलट मारायला उठले होते, त्यांना बाबासाहेबांनीच आवरलं. नंतर तळं बाटलं म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून शुद्ध करून घेतलं. त्यांच्या मते माणसाच्या ओंजळीने बाटलेलं तळं असं स्वच्छ झालं! ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा महाड. मुंबईहून बोटीने दासगाव बंदर आणि तिथून पायी. या वेळी मंडपाला जागा मिळेना, ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. २५ डिसेंबरला रात्री मनुस्मृती जाळली. बायकांना आणि शूद्रांना खाली दाबणारे नियम ज्यात लिहिले, तो ग्रंथ. तळ्यावर मात्र जाता आलं नाही. तळं खाजगी आहे असा दावा विरोधकांनी कोर्टात लावून मनाई हुकूम आणला होता. हजारो लोक जेलात जायच्या तयारीने आलेले, तरी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, की लढा सनातन्यांशी आहे, सरकारशी आता नको, कोर्टात बघू. लोक हिरमुसले, पण ऐकलं. नुसती मिरवणूक काढून तळ्याला फेरी घातली.

आणि मग झाली ती बायकांची सभा. मला महाडच्या सगळ्या घडामोडींत ही सभा सर्वांत मोलाची वाटते, पण पुस्तकांतून ती दोन-चार ओळींत उरकलेली असते. बाबासाहेब बायकांशी घरातल्या थोरल्या भावासारखे बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत वर नेसायची रीत सोडा, इतर बायकांसारखं घोळदार नेसा. गळ्यात ढीगभर गळसऱ्या, हाता-पायांत कोपरापर्यंत कथलाचे नि चांदीचे वाळे-कडे ही जातीची खूण झाली आहे, ती उतरवा. घर स्वच्छ ठेवा. मेलेल्या जनावराचं मांस घरात शिजवू नका. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवायला वाढू नका. आणि मुलींना शाळेत घाला, मुलांइतकंच. आपल्या आज्या-पणज्यांना लुगडं कसं नेसायचं हे दुसऱ्याने ठरवून दिलेलं होतं, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या बायकांनी पुढे होऊन नव्या पद्धतीने नेसायला शिकवलं. परतताना कितीतरी जणी घोट्यापर्यंत लुगडं नेसून गावाकडे निघाल्या. गावकरी बघत राहिले असतील!

तळ्याचा खटला मग दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, चवदार तळं खाजगी नाही. तो निकाल ऐकायला रमाबाई नव्हत्या. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. पाकिस्तानवरचं पुस्तक १९४० मध्ये आलं, ते बाबासाहेबांनी आपल्या रामूला अर्पण केलं.

त्यानंतरचं त्यांचं आयुष्य आपण शाळेपासून वाचलेलं असतं. गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना. ते पुन्हा सांगत नाही. १५ एप्रिल १९४८ ला डॉ. शारदा कबीर यांच्याशी दुसरं लग्न झालं, त्याच माईसाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा आणि दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत निधन. पण दोन गोष्टी आपल्याशी संबंधित आहेत, त्या सोडवत नाहीत.

एक बाळंतपणाची. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांना बाळंतपणात रजा आणि पैसे मिळावेत म्हणून बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. आज ज्या नोकरदार मैत्रिणी भरपगारी रजा घेतात, त्यांच्या रजेची सुरुवात अशी कुठेतरी आहे.

दुसरी सातबाऱ्याची. कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतलं. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, बाईला घटस्फोटाचा हक्क, पुरुषाला एकच बायको. संसदेत आणि बाहेर केवढा गहजब झाला. बिल पुढे सरकेना, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये तेच चार तुकड्यांत, चार कायदे होऊन आलं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडलं. २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

आता आपल्या भागात काय होतं ते सांगा. हायवेला जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, की भाऊ गोड बोलून बहिणीला तलाठ्याकडे, रजिस्टर ऑफिसात घेऊन जातो. हक्कसोडपत्रावर सही होते. बदल्यात एक साडी, पेढ्यांचा बॉक्स आणि माहेर तुटणार नाही हा दिलासा. माझ्या नात्यात अशा तीन सह्या झाल्या आहेत. सही करू नये असं मी सांगणार नाही, ज्याचं त्याला कळतं. पण कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्यावं. तो कागद आपल्यापुढे येतो, आपली सही लागते, हेच मुळात एका माणसाने खुर्ची सोडली म्हणून.

२० मार्चला महाडला पाय ठेवायला जागा नसते. लांबलांबून बाया येतात, निळ्या काठांच्या पांढऱ्या साड्या नेसून, कडेवर पोरं घेऊन. तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात, पोराच्या तोंडाला लावतात. २०२७ हे त्या पहिल्या ओंजळीचं शंभरावं वर्ष.

त्या भाजीवाल्या मावशी मला परवा पुन्हा भेटल्या. नाणं रिक्षावाल्याला दिल्याची त्यांना चुटपुट लागली होती. तसं दुसरं मिळालं तर बाजूला काढून ठेव, बदल्यात दहाची नोट देईन, असं मला सांगून गेल्या. तेव्हापासून मी दुकानातून सुटे घेताना प्रत्येक दहाचं नाणं उलटून बघते. अजून तरी मिळालेलं नाही.